बोर्चा मासा

तिसाबेर्के गावात वीतभरापेक्षा मोठा मासा असला तर त्याचं नाव सगळ्या देशात असतं तेच. त्याला बाजारभाव असतो, त्याच्यावर कर बसतो, तो पाद्रीबाबाच्या ताटात जाऊ शकतो, त्यामुळे त्याच्या नावाशी खेळून चालत नाही. वीतभराच्या आतला मासा मात्र गावाचा. त्याला कुणी विकत घेत नाही, म्हणून त्याचं बारसं करायचा हक्क गावाने स्वतःकडे ठेवला होता, आणि त्याचीही एक रीत होती. नदीवर पूल नव्हता तेव्हा ऐलतीर-पैलतीर करायला अंब्रुश नावाड्याचा सपाट पडाव होता. त्या पडावावर कुणीतरी माशाला नवं नाव द्यायचं, आणि दुसरा काठ यायच्या आत तीन माणसं हसली की ते नाव पक्कं. चौथ्याला रुचलं नाही तर त्याने पोहत जावं.

अशी नावं पुष्कळ होती. पाण्याच्या वरच्या थरात सुईसारखा सळसळणारा तो शिंपी. हे नाव साऱ्या तिसा नदीच्या काठी चालतं, बेर्केवाल्यांची त्यात काही करामत नाही. दलदलीतला काळपट बोटभर मासा पोटाखालचे पर एकाआड एक हलवतो, पळत्या कुत्र्याने पाय टाकावेत तसे, म्हणून तो कुत्रामासा. तळाशी बूड टेकून बसणारा, तोंडाच्या दोन्ही कडांना मिशा लोंबणारा, तो गास्पार. हा गास्पार म्हणजे चर्चचा घंटावाला. त्याच्या मिशा कालवणात बुडायच्या आणि तो त्या चोखायचा. गास्पार मरून साठ वर्षं झाली, घंटा आता विजेवर वाजते, पण मिशा अजून तळाशी आहेत.

आणि एक होती बोर्चा.

बोर्चा म्हणजे करंगळीएवढा मासा, शेपटीकडे निळसर हिरवी रेघ. चवीला कडू, इतका की मांजर हुंगतं आणि तोंड फिरवतं. वसंतात मादीच्या पोटाखाली दोऱ्यासारखी लांब नळी लोंबू लागते. ती नळी ती तळातल्या जिवंत शिंपल्याच्या फटीत घालते, आत अंडी सोडते आणि निघून जाते. पिल्लं वाढतात शिंपल्याच्या घरात, शिंपल्याच्या भिंतीआड. महिन्याभराने बाहेर पडतात आणि आपापल्या वाटेने जातात.

या माशाला बोर्चा नाव पडलं ते बोर्चा नावाच्या बाईवरून. आणि ती बाई म्हणजे इल्काची आई.

इल्का एकाहत्तर वर्षांची होती. दोन लेकी शहरात, नवरा देवाघरी, परसात सहा कोंबड्या आणि कुंपणापलीकडे मार्त्सी. मार्त्सी हा अंब्रुश नावाड्याचा मुलगा, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, विधुर आणि हट्टी. एकाच आईच्या दुधावर दोघं वाढली होती. इल्काची खरी आई तिला सहा आठवड्यांची असताना नावाड्याच्या घरी ठेवून राजधानीत, पेश्तला, कामाला गेली ती परत आलीच नाही. नावाडीण तेरकाचं बाळ त्याच आठवड्यात जन्मताच गेलं होतं. तिने हे दुसरं बाळ छातीशी घेतलं आणि मोठं केलं.

तेरकाने इल्काला कधी काही कमी केलं नाही. फक्त आईबद्दल विचारलं की ती म्हणायची, "तुझी आई चांगली होती गं," आणि चुलीवरचं ढवळायला उठायची. चुलीवर काही नसलं तरी उठायची. याउलट ती दुसरी एक गोष्ट हजार वेळा सांगायची. इल्का आणि मार्त्सी एकाच दिवशी चालायला लागली, पडावाच्या दोराला धरून, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. इल्का दीड वर्षाची होती. ही गोष्ट सांगताना तेरका दर वेळी रडायची, आणि इल्काला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना काय, रडायला काहीही पुरतं.

गावाचं मात्र तसं नव्हतं. गाव वाईट नव्हतं, पण गावाला जीभ होती. एखादी बाई पोर शेजारणीकडे सोडून बाजाराला गेली की "काय गं, बोर्चा झालीस की काय?" पोरं ओढ्याकाठी मासे पकडायला बाटली लावून बसली की "बोर्चा सापडली! बोर्चा सापडली!" इल्का समोरून आली की मोठी माणसं पोरांना गप्प करायची, आणि तिला तेच जास्त लागायचं. सत्तर वर्षांत तिने कानाला खडा लावून घेतला होता. मे महिन्यात, हा मासा काठाशी येतो तेव्हा, ती मेल्या तिसाकडे फिरकायचीच नाही. मेली तिसा म्हणजे नदीने जुना रस्ता सोडल्यावर मागे राहिलेलं वाकडं तळं. गाव त्याला मेली म्हणतं, पण नदीपेक्षा जास्त मासे तिथेच आहेत.

तर अशाच एका मे महिन्यात शाळेतली नवी शिक्षिका एमेशे इल्काच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डोंगराकडची पोर, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली, उत्साह इतका की बघणाऱ्याला धाप लागावी.

"इल्कामावशी, मेल्या तिसाच्या काठावर पाटी लागणार आहे. मोठी, रंगीत! बारा छोटे मासे, त्यांची गावातली नावं आणि नावामागची गोष्ट. अकरा झाले. एकच अडलाय."

"कुठला?" इल्का कणीक मळत होती. कुठला ते तिला कळलं होतं.

"बोर्चा. ही बोर्चा कोण, ते कुणी सांगेना. दुकानात विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि ती काउंटरवरची म्हणाली, इल्कामावशींना विचार, त्यांना जवळून माहिती आहे."

इल्काने कणकेवर मूठ हाणली. "मला काही माहीत नाही."

"पण शिंपल्यात अंडी घालते त्यावरूनच ना? म्हणजे कुणी बाई असणार जिने स्वतःचं मूल…" एमेशेने वाक्य अर्धवट सोडलं. बिचारीच्या लक्षात काही आलं नव्हतं, तिला फक्त योग्य शब्द सापडत नव्हता. "हे असंच लिहायचं का मग?"

"तुला लिहिल्याशिवाय झोप येत नाही का? अकरा मासे पुरे की. बारावा कशाला?"

"पाटी बारा चौकोनांची आलीय हो मावशी. आणि मार्त्सीकाकांनी हो म्हटल्याशिवाय काहीच लिहायचं नाही, असं पंचायतीने ठरवलंय. त्यांनी अकरांना हो म्हटलंय. याचं म्हणाले, नाव बोर्चाच राहील, गोष्ट मागाहून सांगतो."

एमेशे गेली. इल्काने कणीक तशीच फडक्याखाली टाकली. इतकी वर्षं ते नाव तोंडातोंडी होतं. तोंडं म्हातारी होतात, मरतात. आणखी वीस वर्षांनी बोर्चा कोण हे कुणालाच ठाऊक नसतं आणि आई सुटली असती. आता ते रंगीत पाटीवर, काचेखाली, बाहेरगावच्या माणसांनी सँडविच खात वाचायचं. स्वतःचं पोर दुसऱ्याच्या घरात टाकून गेलेली बाई. इल्काला एकदम इतकं रडू आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

दुपारी तिने नेहमीप्रमाणे मार्त्सीचं जेवण डब्यात घातलं. लाल तिखटातलं माशाचं कालवण आणि जाड पाव. बायको गेल्यापासून नऊ वर्षं तो हेच जेवत होता आणि नऊ वर्षं म्हणत होता की मीठ कमी आहे.

मार्त्सी अंगणात जाळ्याची भोकं शिवत बसला होता.

"त्या पोरीला सांग, त्या माशाचं नाव दुसरं आहे," इल्का डबा न ठेवताच म्हणाली.

"कुठल्या?"

"वेड पांघरू नकोस."

मार्त्सीने सुई थांबवली. "दुसरं कुठलं सांगू?"

"काहीही सांग. आजवर माशांना नावं देण्यात तुमच्या घराण्याचा हात कुणी धरलाय का? कडवी म्हण, रंगीली म्हण, गुलाबी म्हण."

"त्यावर कोण हसणार? तीन माणसं लागतात."

"मार्त्सी, मी थट्टा करत नाहीये. ती माझी आई आहे. होती. तू एक शब्द बोललास तर ते जाईल. तुझं वाक्य गावात वेदवाक्य आहे. मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं का कधी?"

"दोनदा सायकल मागितलीस. एकदा चाक वाकडं करून आणलंस."

"मार्त्सी!"

त्याने सुई जाळ्यात खुपसून ठेवली. मग हळू म्हणाला, "नाव राहणार, इल्के. बाकी काहीही सांग, ऐकतो. नाव राहणार."

इल्काच्या अंगाचा तिळपापड झाला. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, म्हणून सत्तर वर्षं या गावात गप्प बसले. पण तू? तू तरी घरचा होतास ना?" आणि ती डबा तसाच उचलून परत निघाली. कुंपणाच्या फाटकाशी वळून तिने एवढंच म्हटलं, "उद्यापासून मीठ तुझं तूच घालून घे."

तीन दिवस कुंपणाचं फाटक उघडलं नाही. बेर्केसारख्या गावात ही साधी बातमी नाही. पहिल्या दिवशी पोस्टमनने विचारलं, दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबाने, आणि तिसऱ्या दिवशी दुकानातल्या काउंटरवालीने मार्त्सीला पावाबरोबर डबाबंद सार्डिन देताना असा सुस्कारा टाकला की रांगेतल्या सगळ्यांनी टाकला. तिसाकाठच्या नावाड्याच्या मुलाने डब्यातला मासा खायचा, यापुढे काय राहिलं?

इकडे इल्का रोज कालवण करायची, अर्धं खायची आणि अर्धं कोंबड्यांपुढे ओतायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ती मार्त्सीबद्दल कोंबड्यांना सांगत होती. आपल्याबद्दल कोंबड्या काय म्हणतात ते तिने विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. मार्त्सी आला होता, रविवारचा काळा कोट घालून, गुडघ्यापर्यंत चिखलात. हातात लोणच्याची मोठी काचेची बरणी, बरणीत तळ्याचं पाणी, तळाशी वाळू, वाळूत अर्धा रुतलेला एक शिंपला. आणि शिंपल्याभोवती दोन बोर्चा फिरत होत्या.

"घेऊन जा ते," इल्का म्हणाली.

"बसू दे आधी. गुडघा बोलतोय." त्याने बरणी अंगणातल्या बाकावर ठेवली, शेजारी बसला. "इल्के, मी आज सांगतो ते पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नकोस. नाहीतर मी परत गप्प बसेन. तोंडात मिठाची गुळणी धरायची मला सवय आहे."

इल्का उभीच राहिली.

"तुझी आई गेली त्या पहाटे एकटी गेली नव्हती. तिच्या पाठीवर मी होतो."

कोंबडी बाकाखालून गेली.

"माझा डावा पाय जन्मतःच आत वळलेला. पाऊल असं, उलटं. तीन वर्षांचा झालो तरी उभा राहत नव्हतो. लांब झग्यात ठेवायचे मला, म्हणून गावाला कळलं नाही. बाबा कुणाला कळू देत नव्हते. पडावाचा करार जमीनदाराचा कारभारी दर वसंतात नवा करायचा, आणि ज्याच्या मागे धडधाकट मुलगा आहे त्यालाच करायचा. दोर ओढत पडावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं लागतं, लंगड्याचं ते काम नाही. कळलं असतं तर घरही गेलं असतं, पडावाबरोबर. मग आईचं बाळ गेलं. तुझा बाप आधीच बर्फ कापताना बुडालेला, आणि तुझ्या आईला दूध येईना. तू रडून रडून निळी पडायचीस म्हणे. तिने पेश्तच्या एका इस्पितळाबद्दल ऐकलं होतं, तिथे पोरांचे पाय सरळ करतात, पण महिनोन्‌महिने लागतात, कुणीतरी जवळ राहावं लागतं. ती आमच्या दारात आली आणि माझ्या आईला म्हणाली, तेरका, तुझ्याकडे दूध आहे, माझ्याकडे पाय आहेत. माझी घे, तुझा दे."

"खोटं," इल्का म्हणाली, पण अगदी बारीक आवाजात.

"चौदा किलोमीटर, स्टेशनपर्यंत, काळ्या शालीत बांधून. मला तेवढं आठवतं, शालीला धुराचा वास होता. मग तिथे ती इस्पितळाच्या धोबीखान्यात राहिली. दिवसभर चादरी उकळायची, संध्याकाळी माझ्याकडे यायची. पायाला पांढरं प्लॅस्टर, दर काही आठवड्यांनी तोडायचे, पाय थोडा वळवायचे, नवं घालायचे. मी ओरडायचो. ती माझं डोकं पोटाशी दाबून धरायची आणि म्हणायची, ओरड, पण घरी जाशील तो चालत. तिकडे माझी इल्का उभी राहायला लागली असेल, तिचं बोट कोण धरणार? तू धरायचंस. दीड वर्ष हेच. मी तिला आई म्हणायचो. बरीच वर्षं मला वाटायचं, मला दोन आया आहेत."

मार्त्सीने खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं नाही, नुसता हातात धरला.

"शरद ऋतूत मला एका ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर परत पाठवलं. ती आली नाही, खोकत होती. थोडी कामाची मजुरी राहिलीय, ती घेऊन येते म्हणाली. त्या थंडीत गेली. धोबीखान्याची वाफ आणि बाहेरचा गारठा. कुठे पुरली तेही कुणाला माहीत नाही. बाबा गेले होते विचारायला, कुणी सांगू शकलं नाही."

इल्का आता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. दोघांच्या मध्ये बरणी होती.

"आम्ही एकाच दिवशी चालायला लागलो," ती म्हणाली.

"हो."

"तू साडेचार वर्षांचा होतास."

"हो."

"आणि मला आयुष्यात कधी प्रश्न पडला नाही, की साडेचार वर्षांचा घोडा चालायला काय शिकतोय!" ती हसली की रडली ते मार्त्सीला कळलं नाही. मग तिचा आवाज चढला. "सत्तर वर्षं, मार्त्सी! सत्तर वर्षं तू मला हे ऐकून घेऊ दिलंस! माझ्या लग्नात नवऱ्याची मावशी म्हणाली, बघा हं, बोर्चाची लेक आहे, पोरं कुठे ठेवून जाईल नेम नाही. तू शेजारी उभा होतास! पाहुण्यांना दारू वाढत होतास!"

"होतो."

"का?"

बरणीतली एक बोर्चा शिंपल्याजवळ गेली, नळी वाकवली, मागे सरकली.

"कारण ते नाव माझ्या बापाने दिलं," तो म्हणाला. "मी गेल्यावर लोक पडावावर विचारायला लागले. अंब्रुश, तुझा मुलगा कुठे? मामाकडे आहे, द्राक्षमळ्यात. आणि हे बाळ कुणाचं? कुठल्या प्रश्नातून गोष्ट कारभाऱ्याच्या कानावर जाईल सांगता येत नव्हतं. तेव्हा बाबांनी काठाशी असलेला हा मासा दाखवला आणि म्हणाले, काय सांगू, बोर्चाने आमच्या शिंपल्यात अंडं घातलं आणि पळाली. तीन माणसं हसली. तीनच नाही, सगळी हसली. त्यानंतर माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही. बाबांना वाटलं होतं, ती परत आली की सगळं उघड करू, माफी मागू, हसू. ती आलीच नाही. मग उघड करायचं तर पडाव जातो. बाबा मरताना म्हणाले, पडाव आहे तोवर बोलू नकोस. मग पूल झाला, पडाव गेला. तेव्हा बोलायला हवं होतं. दर वर्षी मे महिना आला की म्हणायचो, यंदा सांगू. मग वाटायचं, हिला कळलं की नाव आमच्या घरातून आलं, तर ही फाटक लावून घेईल. या जगात मला दुसरं फाटक नाही, इल्के."

"मग तीन दिवसांपूर्वी सांगता आलं नसतं? नाव काढ म्हटलं तर काढायचं होतंस."

"कसं काढू?" आता मार्त्सीचाच आवाज चढला. "तिची कबर नाही. फोटो नाही. चर्चच्या वहीत लग्नाची एक ओळ आहे तेवढी. या गावात तिचं म्हणून काय उरलंय? हा मासा. दर वसंतात पोरं काठावर तिचं नाव घेऊन ओरडतात. का ओरडतात ते चूक आहे, ते मी बदलेन. पण नाव पुसलं तर ती खरंच गेली. तेवढं माझ्याकडून होणार नाही, तू मला सार्डिन खायला घालून मारलंस तरी."

मग तो वाकून बरणीत बघत म्हणाला, "आणि बाबांनी अर्धंच सांगितलं. ते नावाडी होते, त्यांना पुरतं माहीत होतं. मासा अंडी घालून निघतो ना, तेव्हा कधीकधी शिंपलाही आपली पिल्लं सोडतो, मिठाच्या कणासारखी. ती माशाच्या परांना चिकटतात. शिंपला बिचारा जागचा हलत नाही, पिल्लं कुठे नेणार? मासा नेतो. दूरवर नेतो आणि सोडतो. जुने कोळी सगळे जाणून होते. पडावावर मात्र कुणाला ते आठवलं नाही."

पदराएवढ्या ॲप्रनच्या टोकाने इल्काने चेहरा खसखसून पुसला आणि म्हणाली, "ऊठ."

"जाऊ?"

"ऊठ आणि चाल. त्या फाटकापर्यंत जा आणि परत ये."

मार्त्सी उठला. चिखलाचे बूट, काळा कोट, वाकलेली पाठ. फाटकापर्यंत गेला, वळला, परत आला. डावं पाऊल किंचित आत पडत होतं. वयामुळे असेल असं तिला आजवर वाटत आलं होतं. पण पडत होतं सरळ, टाचेवर, मग चवड्यावर. याच पायांनी त्याने बावीस वर्षं पडाव ओढला होता. याच पायांनी तो तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा देऊन टेकडीवर चढला होता. आईच्या हातचं काही म्हणून इल्काकडे नव्हतं, एक टाका घातलेलं फडकं नव्हतं. आणि ते सत्तर वर्षं तिच्या डोळ्यांसमोर हिंडत होतं.

"परत एकदा," ती म्हणाली.

मार्त्सी परत चालला. तिसऱ्यांदाही चालला. चौथ्यांदा म्हणाला, "इल्के, गुडघा."

"बस मेल्या. कालवण आणते." ती आत गेली, आणि आतूनच ओरडली, "आणि माफ केलेलं नाही अजून! नुसतं जेवायला घालतेय!"

"मीठ?" बाहेरून आवाज आला.

"पुष्कळ आहे!"

पाटी जूनच्या पहिल्या रविवारी लागली. काठावर मोठ्या कढईत कालवण शिजत होतं, पालिंकेच्या, म्हणजे फळांच्या कडक दारूच्या, छोट्या पेल्यांची फिरती सुरू होती, सरपंचाचं भाषण नेहमीप्रमाणे लांबलं. बाराव्या चौकोनात काय लिहायचं ते इल्काने एमेशेला स्वतः सांगितलं होतं, आणि सांगताना पोरीचे डोळे भरून आले तर तिला दटावलं होतं, शाईवर पाणी पडेल म्हणून. लिहिलं होतं ते एवढंच:

बोर्चा. बेर्केच्या बोर्बाला, लाडाने बोर्चा, या बाईवरून. हा मासा आपली पिल्लं शिंपल्याच्या घरी ठेवतो आणि शिंपल्याची पिल्लं अंगावर घेऊन दूर पोचवतो. तिनेही तसंच केलं.

खाली मार्त्सीने आपलं पूर्ण नाव लिहायला लावलं होतं, आणि कंसात, डावा पाय. सरपंचाला ते पाटीच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. मार्त्सी म्हणाला, मग अकरांची परवानगीही परत घेतो.

लोक वाचत होते. दुकानातली काउंटरवाली वाचून इल्काजवळ आली, काही बोलू पाहत होती. जमलं नाही, तेव्हा तिने इल्काच्या हातातला रिकामा वाडगा ओढून घेतला आणि काठोकाठ भरून आणून दिला. पुष्कळांनी तसंच काही ना काही केलं. इल्काला त्या दुपारी चार वाडगे कालवण संपवावं लागलं.

तेवढ्यात खाली पाण्याशी आरडाओरडा झाला. "बोर्चा! बोर्चा सापडली!" पाच-सहा वर्षांची एक मुलगी हातात बाटली उंच धरून धावत वर आली आणि इल्काला बघून, घरी शिकवल्याप्रमाणे, एकदम गप्प झाली.

"का गं, थांबलीस का?" इल्का म्हणाली. "ओरड की. माझी आई आहे ती."

मुलीने बाटली पुढे केली. ढवळलेल्या पाण्यात करंगळीएवढी ती फिरत होती, उन्हात रेघ चमकत होती. इल्का हातातली काठी टेकून वाकली, डोळे बारीक केले.

"मला आता बारीक दिसत नाही बाई. तू सांग. तिच्या पाठीवर कुणी आहे का?"

मुलगी नाक काचेला लावून बघायला लागली.

"आहे," मागून मार्त्सी म्हणाला. "मी आहे."